पोराने हात उचलला, जाब कोणाला विचारायचा?



शाळेत एका पोराने दुसऱ्याचं डोकं फोडलं की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो, "कोणाचा आहे रे तो?" नाव कळलं की पाडा कळतो, पाडा कळला की बाप कळतो, आणि बाप पितो की नाही हे तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. तिथून बोलणं आईवर येतं. आईने वळण लावलं नाही. झाला निकाल. किती वाजता घडलं, कुठल्या खोलीत घडलं, तेव्हा तिथे मोठं माणूस कोण होतं, हे कोणी विचारत नाही. पंच बसले तरी दंड बापाच्या नावाने आणि बोल आईच्या नावाने.

आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एकीने विचारलं, "पोरगं सहा वर्षांचं होतं तेव्हा मी त्याला आश्रमशाळेत घातलं. आता ते चौदाचं आहे. सणासुदीला आणि उन्हाळ्यात घरी येतं. मग वळण मी कधी लावायचं होतं?" कोणाला उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही जुनं काय सापडतं ते शोधायला लागलो. पोराच्या हातून मारहाण झाली तर जाब कोणी द्यायचा, हा प्रश्न आपल्या सरकारने आणि आपल्या शाळांनी आजवर कसकसा सोडवला, ते आज सांगतो.

सरकारी कागदावर हा प्रश्न इंग्रजांच्या काळात आला. १८५० साली एक कायदा झाला. दहा ते अठरा वर्षांची गरीब, अनाथ पोरं, आणि किरकोळ गुन्ह्यात सापडलेली पोरंसुद्धा, धंदा शिकण्यासाठी एखाद्या मालकाकडे बांधून द्यायची. म्हणजे जबाबदारी मालकाची. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या पैशातून अशा मुलांसाठी सुधारशाळा निघाली. मग १८६० ची दंड संहिता आली आणि तिने एक रेघ ओढली. सात वर्षांखालच्या लेकराने काहीही केलं तरी तो गुन्हा नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपण काय करतो हे समजत होतं का, ते न्यायाधीशाने बघायचं. बारानंतर मोठ्यांसारखाच हिशोब. ही रेघ अजून तशीच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही सात आणि बारा हेच आकडे आहेत. बारानंतरचा हिशोब मात्र पुढच्या कायद्यांनी बदलत नेला.

त्या काळी पोरांना तुरुंगात टाकायचं नसेल तर फटके मारायचे. त्यासाठी १८६४ चा वेगळा कायदाच होता. सोळा वर्षांखालच्या पोराला फटके कसे मारायचे, याबद्दल त्या काळच्या कायद्यात लिहिलं होतं की हलक्या वेताने, शाळेतल्या शिस्तीच्या रीतीने मारावेत. हे वाचून आम्ही थांबलोच. आपल्याला वाटतं की शाळेने छडी पोलिसांकडून घेतली असेल. इथे सरकारच मारायची रीत शाळेकडून घेत होतं. फटक्यांची ही शिक्षा स्वातंत्र्यानंतर, १९५५ साली बंद झाली.

१८९७ मध्ये सुधारशाळांचा कायदा पक्का झाला. पंधरा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगाऐवजी सुधारशाळेत पाठवायची सोय झाली. फक्त मुलग्यांची हं. मुलींचा त्यात विचारच नव्हता.

त्याच सुमाराला दुसरीकडे एक भयंकर गोष्ट चालली होती. १८७१ मध्ये काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा झाला होता. १९११ साली तो वाढवला, तेव्हा सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापापासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवायचा अधिकार सरकारने घेतला. सोलापूरची वसाहत त्यासाठी माहीत आहे. पोरगं बिघडतं ते आईमुळे, म्हणून आईपासून लांब ठेवलं की सुधारेल, असा तो विचार. कायदा १९५२ मध्ये गेला. विचार गेला का? "या लोकांच्या घरात काय संस्कार होणार" हे वाक्य आम्ही शाळेच्या ओट्यावर ऐकलेलं आहे. बोलणारा माणूस वाईट नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं.

मुंबई इलाख्यात १९२४ साली बाल कायदा झाला. मुलांचं न्यायालय वेगळं, ठेवायची जागा वेगळी. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि तिने ती घरं चालवली. देशभरासाठी एक कायदा व्हायला १९८६ उजाडलं. त्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत बालक. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरा केलं. मग २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत बसमध्ये त्या मुलीवर अत्याचार झाला. सहा आरोपींत एक अठराला थोडा कमी होता. देश पेटला. २०१५ चा कायदा आला, तो जानेवारी २०१६ पासून लागू झाला. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने अतिशय गंभीर गुन्हा केला असेल, तर त्याची समज तपासून त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवता येतो. ते ठरवतं बाल न्याय मंडळ. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांत निदान एक बाई असलीच पाहिजे, असं कायदा सांगतो.

या कायद्यातलं आपल्या कामाचं थोडं सांगतो, कारण पोलीस घरी आले की आपण घाबरून काहीही सही करतो. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत मंडळापुढे न्यावं लागतं. त्याचं नाव, फोटो, शाळा छापता येत नाही. गावातल्या मोबाइलच्या गटावर फिरवणं हासुद्धा गुन्हाच. मंडळ त्याला समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवेचं काम देऊ शकतं, तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवू शकतं. आणि दंड झाला तर तो आईबापाला भरायला लावू शकतं. म्हणजे आपले पंच जे करत होते, त्यातला एक धागा सरकारी कायद्यातही आहे.

आता शाळेकडे येऊ.

आमच्यातल्या वयस्कर बाया सांगतात की बाप पोराला शाळेत सोडताना मास्तरांना म्हणायचा, "मारा, पण शिकवा." मास्तर मारायचे. कोणी कोर्टात गेलंच तर दंड संहितेचं ८९ वं कलम मदतीला यायचं. बारा वर्षांखालच्या लेकराच्या भल्यासाठी, पालकाच्या संमतीने केलेलं ते गुन्हा नाही, असं ते कलम. "मारा" म्हणणारा बाप संमती देऊन बसलेलाच असायचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हे बदललं. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याच्या १७ व्या कलमाने मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी केली. मारणाऱ्यावर सेवा नियमांप्रमाणे कारवाई करायची असते.

गुरुजी लोकांची यावर तक्रार आहे. ती आम्ही ऐकून घेतो. एका वर्गात साठ पोरं, त्यातली दहा ऐकत नाहीत, छडी काढून घेतली आणि बदल्यात काही दिलं नाही. समुपदेशक नाही, शिपाई नाही, वर जनगणना आणि निवडणुकीची कामं. हे खरं आहे. पण आमचं म्हणणं असं की ज्या पोराने पहिलीपासून बघितलं की मोठा लहानाला मारतो आणि ते चालतं, त्याने आठवीत जाऊन लहानाला मारलं तर तो शाळेत जे शिकला तेच करतो. घरी नवरा बायकोला मारतो हे बघणारं पोरगंही तेच शिकतं. इथे आपण हात झटकू शकत नाही.

मास्तराने स्वतःला जबाबदार धरलं, असं कधी झालं का? झालं. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्मवर मुलांना शिकवत होते. एक सतरा वर्षांचा धिप्पाड मुलगा खोटं बोलायचा, भांडायचा, कोणाचं ऐकायचा नाही. एके दिवशी गांधीजींचा तोल गेला आणि त्यांनी पट्टीने त्याच्या हातावर मारलं. मारताना ते स्वतः थरथरत होते. मुलगा रडला आणि माफी मागितली. त्याच्या अंगात इतकी ताकद होती की त्याने उलट मारलं असतं तर गांधीजींना आवरलं नसतं. 'सत्याचे प्रयोग' या आत्मचरित्रात त्यांनी ही गोष्ट लिहिली आहे, आणि ते मारणं बरोबर होतं की चूक हे आपल्याला अजून ठरवता आलेलं नाही असं म्हटलं आहे. आपण त्या दिवशी आपल्यातला पशू दाखवला, असंही त्यांना वाटलं. पुढे फिनिक्स आश्रमात दोघांकडून मोठी चूक झाली. तेव्हा गांधीजींनी मारलं नाही, काढून टाकलं नाही. सांभाळणाऱ्याची चूक शिकणाऱ्याच्या चुकीत असतेच, असं धरून त्यांनी स्वतः सात दिवस उपास केला आणि साडेचार महिने एकवेळ जेवले. हे सगळ्यांना जमणार नाही. जमावं असंही आम्ही म्हणत नाही, शिक्षकांनी उपास करून काय होणार? पण कोणाचा हिशोब आधी मांडायचा, एवढं त्यातून कळतं.

आपल्या खानदेशातलं उदाहरण जास्त जवळचं आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाचं कामही बघत. मुलांच्या खोल्या घाण असायच्या. गुरुजी ओरडले नाहीत. मुलं शाळेत गेली की खोल्या झाडून ठेवायचे, कपडे धुवून वाळत घालायचे, सामान नीट लावायचे. मुलं लाजली आणि हळूहळू स्वतः करायला लागली. गुरुजी भोळे होते, असं लोक हसून सांगतात. आम्हाला त्यात वेगळंच दिसतं. ते वसतिगृहातच होते. मुलं काय करतात, कोण कोणावर जोर चालवतो, हे ज्याला दिसतं असं मोठं माणूस रात्रंदिवस तिथे हजर होतं.

आश्रमशाळेची गोष्टही अशाच हजेरीने सुरू झाली. १९२२ मध्ये ठक्कर बाप्पांनी गुजरातेत दाहोदला भील सेवा मंडळ काढलं आणि भिल्लांच्या मुलांसाठी आश्रम चालवले. शिकवणारे आणि शिकणारे एका जागी राहत, एका पंगतीत जेवत. त्या विचारावरून महाराष्ट्रात १९५३-५४ पासून संस्थांना आश्रमशाळांसाठी मदत मिळायला लागली, आणि १९७२-७३ पासून सरकारने स्वतःच्या आश्रमशाळा उघडल्या. आपल्या भागाला त्याची गरजच होती. आमचे पाडे लांब लांब, पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद. आणि मुख्य म्हणजे दिवाळी झाली की कोयता घेऊन अर्धा पाडा गुजरातेत जातो, बारडोलीकडे ऊस तोडायला. लेकरं बरोबर नेली तर शाळा बुडते. ठेवली तर कोणाजवळ ठेवायची? म्हणून आश्रमशाळा. आज आपल्या भागात ज्या नर्सबाई आहेत, ज्या शिक्षिका आहेत, त्यातल्या कितीतरी आश्रमशाळेत शिकल्या. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, राज्यात सगळ्यांत कमी. आश्रमशाळा नसत्या तर ती किती असती?

पण दाहोदचा आश्रम आणि आजची आश्रमशाळा यात फरक पडला. पोरं शेकड्याने वाढली, मोठी माणसं तेवढी वाढली नाहीत. कागदावर अधीक्षक असतो, अधीक्षिका असते, कामाठी असतो, स्वयंपाकी असतो. कुठे जागा रिकामी असते, कुठे माणूस तालुक्याच्या गावी राहतो आणि संध्याकाळची शेवटची गाडी पकडतो. मग रात्री राज्य कोणाचं? नववी-दहावीच्या पोरांचं. लहानांनी बादल्या भरायच्या, मोठ्यांचे कपडे धुवायचे, ताटातलं अंडं द्यायचं. नाही म्हटलं की मार. मार खाल्लेला लहानगा चार वर्षांनी मोठा होतो आणि त्याची पाळी येते. घरी मावची किंवा कोकणी बोलणारं सहा वर्षांचं लेकरू मराठीत तक्रार तरी कशी करणार? आणि करणार कोणाजवळ? आमच्यातल्या एकीचा भाचा असाच कान दुखतो म्हणून सुटीत घरी आला. डॉक्टरने पडदा फाटल्याचं सांगितलं. कोणी मारलं ते त्याने आठ दिवस सांगितलं नाही. मारणारा पोरगा शेजारच्याच पाड्याचा निघाला. दोन्ही आया एकमेकींशी बोलत नाहीशा झाल्या. वसतिगृहात त्या रात्री कोण हजर होतं, हे दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही.

यावर एक कायदा आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. १९९९ चा महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा. रॅगिंग म्हणजे मेडिकल कॉलेजात होतं ते, असं आपल्याला वाटतं. पण या कायद्यातल्या 'शैक्षणिक संस्था' या शब्दात वसतिगृह येतं, अनाथाश्रमही येतो. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. आणि आमच्यासाठी सगळ्यांत मोठी गोष्ट ही की संस्थाप्रमुखाने तक्रारीकडे दुर्लक्ष केलं तर त्यानेच त्या गुन्ह्याला मदत केली असं कायदा धरतो. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच महाराष्ट्राने लिहून ठेवलं की पोराने मारलं तर न बघणारा मोठाही त्यात आहे. त्यासाठी तक्रार लेखी पाहिजे. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

बाहेर काय घडलं, तेही थोडं बघू. २०१२ मध्ये चेन्नईत नववीतल्या मुलाने आपल्या हिंदीच्या बाईंना वर्गातच भोसकून मारलं. डायरीत वाईट शेरे लिहिले, हा त्याचा राग. ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादेत दहावीच्या एका मुलाला त्याच शाळेतल्या मुलाने भोसकलं आणि तो मेला. दुसऱ्या दिवशी जमाव शाळेत घुसला आणि त्याने तोडफोड केली. मोठ्यांनी पोरांना त्या दिवशी काय शिकवलं, ते वेगळं सांगायला नको.

गुरुग्रामची गोष्ट मात्र नीट ऐका. सप्टेंबर २०१७. मोठ्या खाजगी शाळेत दुसरीतला सात वर्षांचा मुलगा स्वच्छतागृहात गळा कापलेला सापडला. पोलिसांनी त्याच दिवशी शाळेच्या बसचा कंडक्टर पकडला. त्याने कबूल केलं असंही जाहीर झालं. गावाने, टीव्हीने त्याला राक्षस ठरवलं. मग तपास सीबीआयकडे गेला आणि नोव्हेंबरात सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या मुलाला ताब्यात घेतलं. परीक्षा आणि पालकसभा पुढे ढकलली जावी म्हणून त्याने हे केलं, असं सीबीआयचं म्हणणं. कंडक्टर पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. मुलावर मोठ्यासारखा खटला चालवायचा की नाही, यावर सुप्रीम कोर्टापर्यंत वाद गेला आणि २०२२ मध्ये समज नव्याने तपासायला सांगितलं गेलं. आम्ही ही गोष्ट कंडक्टरसाठी सांगतो. जबाबदार कोण हे घाईने ठरवलं की बोट सगळ्यांत गरीब माणसाकडे जातं. आपल्याकडे ते कामाठ्याकडे जाईल, नाहीतर सगळ्यांत लांबच्या पाड्यावरच्या पोराकडे.

अमेरिकेत आईबापालाच शिक्षा झाली. मिशिगन राज्यात ऑक्सफर्ड नावाच्या गावात ३० नोव्हेंबर २०२१ ला पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेत गोळ्या झाडून चार मुलं मारली. बंदूक बापाने चारच दिवस आधी घेऊन दिलेली. त्याच सकाळी मुलाने कागदावर बंदूक आणि रक्त काढलेलं शिक्षकांनी पाहिलं आणि आईबापाला बोलावलं. आईबाप त्याला घरी न नेता कामावर गेले, शाळेने दप्तर न तपासता त्याला वर्गात पाठवलं. २०२४ मध्ये आई आणि बाप दोघांनाही दहा ते पंधरा वर्षांची कैद झाली. असं तिथे पहिल्यांदाच घडलं. शाळेतल्या मोठ्यांवर मात्र गुन्हा चालला नाही. त्यांनीही दप्तर उघडलं नव्हतं.

आपल्या पुण्यात २०२४ च्या मे महिन्यात सतरा वर्षांच्या मुलाने महागड्या गाडीने दोघांना उडवून मारलं. हे शाळेतलं नाही, पण विषय तोच. मंडळाने त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला आणि लोक भडकले. मग बाप, आजोबा, आई यांना अटक झाली. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप डॉक्टरांवर आला. पैसेवाल्या घरात जबाबदारी लपवायला किती माणसं लागतात, ते त्यात दिसलं. आपल्या पोराच्या हातून काही घडलं तर आपल्याला निबंधाचा जामीन मिळेल का, हा प्रश्न बैठकीत एकीने विचारला आणि सगळ्या हसल्या. हसण्यासारखं नव्हतं.

नंदुरबारची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. शाळकरी पोरं आणि हिंसा म्हटलं की आपल्या जिल्ह्याला पहिलं नाव आठवतं शिरीषकुमार मेहता. ९ सप्टेंबर १९४२. पंधरा वर्षांचा मुलगा, हातात तिरंगा, बरोबर शाळेतली मुलं. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमारबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा गेले. दरवर्षी आपण त्यांना फुलं वाहतो. सरकारच्या लेखी त्या दिवशी दंगा करणारे पोरं होते आणि शिस्त राखणारे पोलीस होते. मारलं कोणी आणि मेलं कोण, हे सगळ्या गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून ती सरकारी भाषा टिकली नाही.

तर मग आमचं मत काय? जाबाची सुरुवात त्या वेळी ज्याच्या ताब्यात मुलं होती त्याच्यापासून व्हावी. मग त्याच्या वरच्यापासून, ज्याने जागा रिकामी ठेवली. मग घर, त्यात बाप आधी, कारण आईला बोल लावायला तर सगळे बसलेलेच आहेत. आणि पोरगं? त्याला सोडून द्या असं आम्ही म्हणत नाही. ज्याचा कान फुटला त्याच्यासमोर त्याने उभं राहावं, दवाखान्याच्या खर्चात त्याच्या घराने वाटा द्यावा, त्याच्या वयाला झेपेल तेवढं त्याने भोगावं. पण त्याला शाळेतून काढून घरी पाठवणं ही शिक्षा नव्हे. काढलेलं पोरगं दुसऱ्या हंगामात उसाच्या फडात दिसतं, आणि शाळा म्हणते, आमचा प्रश्न सुटला.

या सगळ्यात आपल्या हातात एक जागा आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. आपल्याकडे सह्यांचं पुस्तक घरी येतं आणि आपण अंगठा किंवा सही देतो, बैठक झाली असं धरलं जातं. २०२२ पासून प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत सफाई कामगाराने चार वर्षांच्या मुलींवर अत्याचार केल्यावर लोक रेल्वेच्या रुळावर उतरले, तेव्हा या समितीची सगळ्यांना आठवण झाली. शाळेत तक्रारपेटी असावी लागते. पेटी असते, तिची किल्ली कोणाकडे असते ते विचारा. १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर लेकरांना पाठ करायला लावा, तो फुकट लागतो.

येत्या सुटीनंतर पोरांना सोडायला जाल तेव्हा एकट्या जाऊ नका, चार-पाच जणी मिळून जा. पेटी, पांघरूण आणि शेंगदाण्याची पुडी देऊन लगेच परत फिरू नका. अधीक्षकांना विचारा, रात्री इथे कोण झोपतं, कोणत्या खोलीत झोपतं, त्याचा मोबाइल नंबर काय. लहान पोरं आणि मोठी पोरं एका खोलीत झोपतात का? आपली बोली समजणारं एक तरी माणूस आहे का? अधीक्षिकेची जागा भरली आहे का, नसेल तर कधीपासून रिकामी आहे? उत्तरं कागदावर लिहून आणा. आपल्याला लिहिता येत नसेल तर सातवीतल्या लेकीला बरोबर न्या, ती लिहील.